एक शिंक आली की थांबायचं

जर्मनीत एर्लांगेनमध्ये ज्यांच्या घरी मी तीन वर्षं भाड्याने राहिले, त्या घरमालकांना माझ्या शिंका माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या. काय बाई काहीतरीच सांगतेय, असं वाटेल. पण सकाळी मी वरच्या मजल्यावर शिंकले रे शिंकले की खालून आवाज यायचाच, "किती झाल्या?"

मी म्हणायचे, "एक."

"थांब!"

"आगा, मला ऑफिसला जायचंय. मीटिंग आहे."

"गेनाऊ! म्हणूनच थांब."

'गेनाऊ' म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', आणि 'आगा' म्हणजे साहेब, मालक, बाबा, काय हवं ते. सगळी गल्ली त्यांना आगा म्हणायची, मीही म्हणायला लागले. ते मला म्हणायचे 'खानम मोहंदेस', म्हणजे इंजिनिअरबाई, आणि एवढा मान दिल्यावर पुढे सरळ अरे-तुरे. "इंजिनिअरबाई, तू काल प्लॅस्टिक कागदाच्या डब्यात टाकलंस." आमची बोलण्याची भाषा जर्मन. ती दोघांचीही उसनी, त्यामुळे भांडण झालं तरी योग्य शब्द सापडेपर्यंत दोघांचाही राग निवून गेलेला असायचा.

शिंकेचा नियम तसा साधा होता. माणूस कुठल्याही कामाला हात घालताना एक शिंक ऐकू आली, तर 'सब्र' आला. सबुरीचा निरोप आला. मग जागच्या जागी थांबायचं, बसायचं, जमलं तर चहा घ्यायचा. दुसरी शिंक आली की मोकळे, उलट पळत सुटायचं. तिसरी आली की पुन्हा थांबायचं. चौथी आली की पुन्हा चला. शिंक कुणाचीही चालायची. पोस्टमनची चालायची, भाडेकरूची चालायची, एकदा तर शेजारच्या मांजराची चालली होती आणि त्या दिवशी आगांनी दुकान अकराला उघडलं.

आता माझं नाक. संभाजीनगर तेव्हा औरंगाबादच होतं, आणि तिथे हे नाक शहाण्यासारखं वागायचं. एर्लांगेनला एप्रिलमध्ये बर्चच्या झाडांचे परागकण उडायला लागले की ते जे सुटायचं, ते मेअखेरपर्यंत कुणाच्या बापाला ऐकायचं नाही. एके दिवशी जिन्यावर उभ्या उभ्या मला अकरा शिंका आल्या. अकरा! विषम संख्या. मी सायकलवर टांग टाकलेली, आगा मागून कॅरिअर धरून उभे, आणि आम्ही दोघं बाराव्या शिंकेची वाट बघतोय. एरवी न बोलावता येणारी शिंक त्या दिवशी हट्टाला पेटली. मी उन्हाकडे बघितलं, नाकात रुमालाचं टोक घातलं, काही नाही. शेवटी समोरून कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा शिंकले, आगांनी कॅरिअर सोडलं आणि मागून ओरडले, "आता पळ, पळ, वेळ का घालवतेस!"

हद्द झाली की नाही?

आणि हे माझ्याच वाट्याला यावं! आमच्या घरात फोन उचलताना 'जयभीम' म्हणतात. बाबा शाळेत सायन्सचे मास्तर. मांजर आडवं जाणं, डोळा फडफडणं, लिंबू-मिरची, असल्या कुठल्याच गोष्टीला आमच्या दारातून आत प्रवेश नव्हता. आत्या चोरून कधी म्हणायची, "शिंकलं गं कुणीतरी, घोटभर पाणी पी आणि मग जा," तर बाबा मुद्दाम त्याच क्षणी चपला घालून निघायचे. "शिंक ही नाकाची गोष्ट आहे, नशिबाची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा माणसाची मुलगी मी. एमआरआय मशीनच्या चुंबकांवर काम करायला जर्मनीत येते, आणि घरमालक निघतो हा! आईला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार. बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "त्यांना नीट समजावून सांग."

समजावलं ना. नाकातल्या पेशी, हिस्टामिन, सगळं आकृती काढून समजावलं. आगांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "गेनाऊ. म्हणजे निरोप त्या रस्त्याने येतो." कप्पाळ माझं.

त्यांचं प्रत्येक 'नाही' हे 'गेनाऊ'ने सुरू व्हायचं. "आगा, गीझर दुरुस्त करता का?" "गेनाऊ, पुढच्या महिन्यात." "आगा, माझ्याकडे मैत्रीण राहायला येणार आहे." "गेनाऊ, पण शूज बाहेर." जर्मन लोकांवर त्यांचा एकच राग होता. "शिंक आली की हे लोक 'गेझुंडहाइट', तब्येत सांभाळा, म्हणतात आणि तसेच पुढे चालायला लागतात. अरे, पत्र आलंय, निदान पाकीट तरी फोडा!"

खालच्या मजल्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर लावणं. हात इतका सुरेख की अख्ख्या युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर तिथे यायचे. पण कापडाला कात्री लावताना कुणी शिंकलं की कात्री तिथल्या तिथे खाली. एका प्रोफेसरांच्या मुलीचं शनिवारी लग्न होतं आणि पँट चार बोटं लांब. त्यांना सर्दी झालेली, पण शिष्टाचार एवढा की एक शिंक आली की दुसरी नाक दाबून आत ढकलायचे. सोमवारी एक. बुधवारी एक. गुरुवारी त्यांची बायको स्वतः नवऱ्याला घेऊन आली आणि पर्समधून मिऱ्याच्या पुडीची डबी काढून तिने नवऱ्याच्या नाकाखाली धरली. सात शिंका आल्या. दुकानात आम्ही पाच-सहा जण, सगळे मोजतोय, आणि सातवर गाडी अडकली! आगांनी कात्री हवेत धरलेली. प्रोफेसरांचा चेहरा बीटसारखा लाल. मग जी आठवी आली, तिने काउंटरवरच्या पावत्या उडाल्या आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कात्री चालली. पँट अशी बसली की प्रोफेसर लग्नात वराच्या बापापेक्षा देखणे दिसले, असं बाई नंतर सांगून गेल्या.

आगांनी लग्न केलेलं नव्हतं. एकदा मी कारण विचारलं.

"मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिचे वडील शिंकले."

"मग?"

"थांबलो."

"दुसऱ्यांदा शिंकलेच नाहीत?"

"शिंकले ना. पण तोवर तिचं लग्न झालं होतं."

एवढं बोलून दातांत साखरेचा खडा धरून त्यांनी चहाचा घोट घेतला. मी हसत सुटले. तेही हसले. पण दुसरा घोट घ्यायच्या आधी ते जरा जास्तच वेळ ग्लासात बघत राहिले, हे मला तेव्हा दिसलं होतं.

आगा कुठले, हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांचे पणजोबा इराणातल्या यझ्दहून इराकमध्ये करबल्याला गेले आणि तिथेच राहिले. यात्रेकरूंसाठी चहाचं दुकान टाकलं. पुढच्या तीन पिढ्या तिथेच जन्मल्या. करबल्यात अशी इराणी घरं गल्लीगल्लीत होती. घरात फारसी, बाजारात अरबी, आणि भांडताना दोन्ही. पण सरकारी कागदावर त्यांच्या नावापुढे 'मूळ इराणी' असा शेरा होता. त्या एका शेऱ्यापायी, इराण-इराक युद्धाच्या सुमारास, अशा हजारो कुटुंबांना ट्रकमध्ये घालून सीमेवर नेऊन सोडलं. आगांचं घरही त्यातच गेलं. इराणात पोचल्यावर तिथले लोक त्यांची फारसी ऐकून म्हणाले, हे अरब कुठून आले? पुढे आगा जर्मनीत आले, तर एर्लांगेनच्या इराणी मंडळात त्यांच्या उच्चारांना हसायचे, इराकी वाणी त्यांना 'अजमी' म्हणजे इराणी म्हणायचा, आणि जर्मन शेजारीण त्यांना दर ईदला तुर्की भाषेत शुभेच्छा द्यायची.

"मी सगळीकडचा पाहुणा आहे," आगा म्हणायचे. "चहा चारही घरी मिळतो. खुर्ची कुणी देत नाही."

हे सांगतानासुद्धा ते हसायचे. शेजारणीची तुर्की तर ते इतकी हुबेहूब करून दाखवायचे की माझ्या पोटात दुखायचं.

त्या सगळ्या पळापळीत त्यांची एक बहीण मागे राहिली. थोरली, आगांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न शेजारच्या अरब घरात झालेलं, त्यामुळे तिचं नाव वेगळ्या कागदावर होतं. कागद वेगळा म्हणून ती इराकी ठरली आणि तिच्या आईबापासकट भाऊ इराणी ठरला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं पत्र नाही, फोन नाही. शेवटी तिथली राजवट गेली, करबल्यात मोबाइल आले, आणि मी राहायला गेले त्याच वर्षी एका दुपारी आगांच्या दुकानात तिचा फोन आला. मी चेन बदलायला दिलेलं जॅकेट घ्यायला गेले होते. आगा फोन कानाला लावून फक्त "आबजी, आबजी" म्हणत होते. आबजी म्हणजे ताई. मग फोन ठेवून त्यांनी दुकानाची पाटी उलटी केली आणि आत जाऊन बसले. मी जॅकेट न घेताच वर आले.

ताईंची साखर वाढलेली होती आणि डोळे जात चालले होते. दर फोनला त्यांचं एकच पालुपद: दिसतंय तोवर मला तुला बघायचंय. आगांनी इराकला जायचं म्हटलं तर तिथे रोज स्फोट. म्हणजे ताईंनीच इकडे यायला हवं. त्यासाठी आगांनी आउसलेंडरआम्टमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, हमीपत्रावर सही करायची. त्या हमीपत्राचं जर्मन नाव एका श्वासात म्हणता येत नाही, पण काम दहा मिनिटांचं.

तर या दहा मिनिटांच्या कामाला आगांनी दीड वर्ष लावलं!

पहिल्यांदा निघाले तेव्हा बस ड्रायव्हर शिंकला. परत. दुसऱ्यांदा रेल्वे फाटकाजवळ एक बाई शिंकली, आगा बाकावर बसून राहिले, कचेरी बंद झाली. तिसऱ्यांदा, सांगायलाही लाज वाटते, मीच शिंकले. दारातच. एकदाच. मी हात जोडले, "आगा, ही धरू नका, ही बर्चची आहे." ते म्हणाले, "गेनाऊ," आणि कोट काढून ठेवला. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तिकडे तुमच्या बहिणीचे डोळे चाललेत आणि तुम्ही इकडे लोकांची नाकं मोजत बसलाय! तिला दिसेनासं झाल्यावर बोलावणार आहात का?" हे सगळं माझ्या तोंडून शुद्ध जर्मनमध्ये बाहेर पडलं, एकही शब्द शोधावा लागला नाही. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

आठ दिवसांनी त्यांनीच माझं दार वाजवलं. "इंजिनिअरबाई, तू बरोबर चल."

मी अॅलर्जीच्या दोन गोळ्या घेतल्या, नाकात कापूस कोंबला, वर मफलर गुंडाळला. वाटेत कुणी शिंकलं नाही. बसमध्ये नाही, जिन्यात नाही, रांगेत नाही. आमचा नंबर लागला. टेबलापलीकडची बाई मोठी चांगली होती, तिने सगळे कागद भराभर लावून दिले, सहीच्या जागी फुली केली, पेन पुढे केलं. आगांनी पेन टेकवलं. आणि ती बाईच शिंकली!

आता काय सांगू. आगांनी पेन खाली ठेवलं. हात मांडीवर घेतले.

"इथे सही करा," बाई म्हणाली.

"मी थांबतो," आगा म्हणाले.

"कशासाठी?"

आगा हसले, आणि तिच्या नाकाकडे आशेने बघत राहिले. बाईने माझ्याकडे बघितलं. भिंतीवरचा काटा सरकत होता, बाहेर पुढच्या नंबरचा माणूस काचेवर टकटक करत होता. बाईने रुमालाने नाक पुसलं, आता काही ती शिंकत नाही. मला एकदम दिसलं, की हा माणूस उठणार, आणि आज उठला की परत कधीच यायचा नाही.

मग मी शिंकले. चक्क खोटं. नाकातला कापूस उडाला आणि हमीपत्रावर जाऊन पडला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी म्हातारीचं काम केलं होतं, तेवढाच काय तो माझा अनुभव. पण त्या दिवशी अशी शिंक काढली की खिडकीजवळचा माणूस दचकला. बाबांनी जन्मभर जे शिकवलं, ते सगळं मी त्या एका शिंकेत धुळीला मिळवलं.

"गेझुंडहाइट," बाई म्हणाली.

"दोन!" आगा म्हणाले, आणि कापूस बाजूला सारून सही ठोकली.

बाहेर आल्यावर त्यांनी मला सॉसेजच्या गाडीवरचे तळलेले बटाटे खाऊ घातले, आणि रस्त्याने गाणं गुणगुणत घरी आले. पण पुढे चार महिने व्हिसाच येईना. ताईंना मुलाखतीसाठी अम्मानला जावं लागलं, तिथून सांगितलं की एक कागद कमी आहे, तो पाठवला तर दुसरा मागितला. आगा शांत. "गेनाऊ, दोन शिंका होत्या, येईल." आणि मी, विज्ञानाची पदवीधर, मास्तरांची लेक, वर खोलीत अंथरुणात पडून विचार करायचे, खोट्या शिंकेने माशी तर शिंकली नसेल ना या कामात? स्वतःचाच इतका राग यायचा की उठून पाणी प्यायचे.

ऑक्टोबरात व्हिसा आला.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर आम्ही तीन तास आधी पोचलो. आगांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता, मिशा काळ्या केल्या होत्या. विमान उतरल्याचं बोर्डावर आलं. लोक बाहेर यायला लागले, मिठ्या पडल्या, फुलं झाली, गर्दी ओसरली. ताई नाहीत. अर्धा तास गेला. पाऊण तास. सरकतं दार उघडायचं आणि त्यातून वैमानिक नाहीतर सफाईवाले यायचे. आगांचा चेहरा हळूहळू लहान होत चालला. माझ्याच्याने राहवेना.

"आगा, एक सांगायचंय. ती दुसरी शिंक खोटी होती."

मला वाटलं, आता ओरडतील. पण ते म्हणाले, "तुला माहीत नाही शिंक काय चीज आहे." आणि पहिल्यांदाच, दाराकडे बघत बघत, मला सांगितलं.

करबल्यातून हाकललं त्या दिवशी शिपाई सकाळीच आले होते. उठा, चला, बरोबर काही घ्यायचं नाही. ताई दोन गल्ल्या ओलांडून धावत आली आणि बुरख्यासारख्या काळ्या चादरीत तोंड लपवून दारात उभी राहिली. सगळे ट्रककडे निघाले. आगा शेवटचे. त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकलं आणि मागून तिची शिंक ऐकू आली. एकच. त्यांची आई तिथेच थबकली, म्हणाली, सब्र आला, थांबा. शिपायाने तिला ढकललं. सगळ्यांना जावं लागलं. पुढे आई जितकी वर्षं जगली तितकी वर्षं एकच म्हणत राहिली, आपण त्या शिंकेला थांबायला हवं होतं. "तेव्हा नाही थांबलो," आगा म्हणाले, "म्हणून मी नंतर प्रत्येक वेळी थांबलो."

मी त्यांच्या कोटाची बाही धरली.

तेवढ्यात दार उघडलं. विमानतळावरचा एक माणूस सामानाची गाडी ढकलत होता आणि गाडीला धरून एक काळ्या चादरीतली बाई चालत होती. एवढीशी. सुक्या लिंबांची पिशवी तपासायला आतल्या लोकांनी थांबवलं होतं, आणि त्या पिशवी सोडून यायला तयार नव्हत्या. त्या आमच्यासमोरून पुढे गेल्या. त्या एका तरुण मुलाला शोधत होत्या.

"आबजी!" आगा म्हणाले.

त्या वळल्या. जवळ आल्या. हाताने त्यांनी आगांचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, आणि काळी केलेली मिशी बोटांत धरून अशी ओढली की आगा कळवळले. पुढे ते दोघं जे बोलले, ते त्यांच्या करबल्याच्या फारसी-अरबी मिसळीत. आगांनी घरी परतताना मला शब्दन् शब्द सांगितलं. आगांनी ना ख्यालीखुशाली विचारली, ना प्रवासाचं. एकदम म्हणाले, "आबजी, त्या दिवशी तू शिंकलीस आणि मी थांबलो नाही. मला माफ कर."

"कधी शिंकले?"

"त्या सकाळी. दारात."

"मी कुठली शिंकतेय!" ताई म्हणाल्या. "रडत होते. आईला दिसू नये म्हणून तोंड दाबून धरलं होतं, तर हुंदका नाकातून फुटला."

आगांचे ओठ हलत होते.

"मग मी इतकी वर्षं कशाला थांबलो?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाल्या. "मी तिकडे तुझी वाट बघतेय आणि तू थांबलास कशाला, ते तुझं तुला ठाऊक. आता चल. विमानातलं मी काही खाल्लेलं नाही."

आगांच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. पोट धरून, वाकून, डोळ्यांतलं पाणी मिशीच्या काळ्या रंगातून हनुवटीवर ओघळेपर्यंत हसत होते. ते बघून ताईंना हसू आलं, आणि मला तर रडू आणि हसू एकदमच फुटलं. लोक वळून बघत होते. मग आगांनी एका हातात गाडी घेतली, दुसऱ्या हातात बहिणीचा हात, आणि असे झपाझप चालायला लागले की मला त्यांच्यामागे पळावं लागलं.